अर्ध्या सेकंदाचा माग

मार्च २०२४. सॅन फ्रान्सिस्कोत आंद्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता आपल्या संगणकावर शांतता आणण्याच्या खटपटीत होता. फ्रॉइंड मूळचा जर्मनीचा, वय अडतीस, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये आणि काम पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर. त्या डेटाबेसचा वेग त्याला मोजायचा होता. सेकंदाच्या हजाराव्या भागाचे फरक टिपायचे, तर यंत्रावर दुसरी कुठलीही गडबड चालत नाही. म्हणून मोजणीआधी तो एकेक प्रक्रिया तपासत होता: कोण जागं आहे, कोण प्रोसेसर खातंय, कुणाला गप्प करता येईल?

त्या यादीत एक अनपेक्षित नाव निघालं. एसएसएचडी.

दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून काम करणाऱ्या प्रत्येकाचा एसएसएचशी रोज संबंध येतो. आपल्या बाजूला एसएसएच ही कमांड, पलीकडे एसएसएचडी हा पहारेकरी. इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही यंत्राचं हे दार अनोळखी बॉट रात्रंदिवस ठोठावत असतात. काल्पनिक वापरकर्त्यांची नावं आणि चुकीचे पासवर्ड टाकून बघायचं, लागला तर मटका, हा त्यांचा धंदा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी फार मनावर घेत नाही, कारण अशा पाहुण्याला दारातूनच परत पाठवायला पहारेकऱ्याला काही कष्ट पडत नाहीत.

फ्रॉइंडच्या यंत्रावर मात्र पडत होते. नाव चुकीचं, प्रवेश लगेच नाकारलेला, तरी प्रत्येक खेपेला एसएसएचडी प्रोसेसरला घाम फोडत होता. ‘नाही’ म्हणायला एवढा विचार कशाला करावा लागतो?

त्याने मोजून पाहिलं. अस्तित्वातच नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने लॉगिन करायचं आणि नकार यायला किती वेळ लागतो ते बघायचं. जुन्या पॅकेजवर ०.२९९ सेकंद. नव्या पॅकेजवर ०.८०७ सेकंद. फरक अर्ध्या सेकंदाचा. सामान्य वापरकर्त्याला तो जाणवलाही नसता, कदाचित त्याने नेटवर्कला दोष देऊन विषय संपवला असता. पण वेग मोजणं हाच ज्याचा पेशा, त्याच्या लेखी अर्धा सेकंद म्हणजे अनंतकाळ. शिवाय हा अर्धा सेकंद कुठून आला याला उत्तर नव्हतं.

लिनक्सवर पर्फ नावाचं कमांड-लाइन साधन आहे. कार्यक्रम चालू असताना कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला, याचा हिशेब ते मांडतं. फ्रॉइंडने एसएसएचडीवर पर्फ लावला. वेळ लिबएलझेडएमए या लायब्ररीत जात होता. पण तिच्यातल्या कुठल्या फंक्शनमध्ये? तिथे पर्फने हात टेकले. कोड चालत होता, मात्र त्याला नाव नव्हतं.

इथे जरा थांबलं पाहिजे, कारण खरी विसंगती इथे आहे. लिबएलझेडएमए ही फायली दाबून लहान करणारी आणि पुन्हा उलगडणारी लायब्ररी. एक्सझेड या कमांडचं ते इंजिन. ‘टार डॉट एक्सझेड’ शेपटीची फाइल ज्याने कधी उघडली असेल, त्याने ही लायब्ररी वापरलेली आहे. डेबियन या लिनक्स वितरणाची पॅकेजं याच पद्धतीने दाबलेली असतात. पण लॉगिन नाकारताना फायली उलगडायचं काय काम?

आता फ्रॉइंडला आणखी एक गोष्ट आठवली. काही आठवड्यांपूर्वी, जर्मनीत आईवडिलांना भेटून विमानाने परतताना, त्याने पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांच्या नोंदी चाळल्या होत्या. त्यात व्हॅलग्राइंड या साधनाच्या अनोळखी तक्रारी होत्या. व्हॅलग्राइंड मेमरीच्या गैरवापरावर बोट ठेवतं. तेव्हा प्रवासाचा शीण होता, विषय निकडीचा वाटला नव्हता. त्या तक्रारी नवी पॅकेजं आल्यानंतर सुरू झाल्या होत्या. आता अर्धा सेकंद आणि ती जुनी तक्रार, दोन्ही एकाच लायब्ररीकडे बोट दाखवत होती.

पुढचा प्रयोग फसला आणि त्या फसण्यानेच संशय पक्का केला. एसएसएचडी नेहमीच्या व्यवस्थेबाहेर, हाताने सुरू केला, तर दिरंगाई गायब! एरवी माणूस म्हणाला असता, मोजण्यात गफलत झाली. फ्रॉइंडने परिस्थिती एकेक करून बदलून पाहिली. टर्मिनलची ओळख सांगणारा ‘टर्म’ हा चल सेट असेल, तर लायब्ररी सभ्यपणे वागते. कार्यक्रमाचा मार्ग नेमका एसएसएचडीचाच नसेल, तरी सभ्य. काही डीबगर लावले की सभ्य. म्हणजे कुणी बघत असलं की गप्प राहायचं, हे त्या कोडला शिकवलेलं होतं. चुकून राहिलेल्या दोषाला असलं शहाणपण नसतं.

प्रथम त्याला वाटलं, डेबियनच्या पॅकेजमध्ये कुणीतरी घुसखोरी केली असावी. मग तो मुळाशी, म्हणजे एक्सझेड प्रकल्पाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या फायलींपर्यंत गेला. दोष तिथेच होता. आवृत्ती ५.६.० मध्ये होता आणि ५.६.१ मध्येही.

मुक्तस्रोत प्रकल्पाचा कोड दोन रूपांत बाहेर येतो. एक गिटमधलं भांडार. तिथे प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली ते दिसतं, आणि लोक वाचतात तेही हेच. दुसरं रूप म्हणजे टारबॉल, वितरकांनी पॅकेज बांधण्यासाठी उतरवून घ्यायचा गठ्ठा. दोन्ही जवळपास सारखी असतात, पण गठ्ठ्यात बांधणीच्या काही तयार स्क्रिप्ट जास्तीच्या असतात. त्या स्क्रिप्ट यंत्राने तयार केलेल्या, लांबलचक आणि कंटाळवाण्या. त्या कोण वाचणार? एक्सझेडच्या गठ्ठ्यातल्या अशाच एका स्क्रिप्टमध्ये काही ओळी जास्तीच्या होत्या. गिटमध्ये त्या नव्हत्या.

लखनौच्या चौकात गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत चिकनच्या भरतकामाची दुकानं आहेत. तिथल्या कारागिरीत बखिया नावाचा टाका आहे. दोरा कापडाच्या मागच्या बाजूने भरतात आणि तलम मलमलीतून पुढे दिसते ती केवळ त्याची सावली. गिऱ्हाईक पुढची बाजू पाहून दाद देतं, जाणकार मात्र कुर्ता उलटा करून बघतो. ठसे उठवणारा, शेजारच्या खेड्यांत घरी बसून भरणारी बाई, कापड धुणारा, असे अनेक हात लागून कुर्ता दुकानात येतो, आणि घेणाऱ्याला त्यातलं कुणी दिसत नाही. सॉफ्टवेअरही असंच हातोहात येतं. फ्रॉइंडने कापड उलटं केलं एवढंच, पण पाठीमागे जे निघालं ते भरतकाम पाहून तज्ज्ञही थक्क झाले.

एक्सझेडच्या भांडारात चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फायली ठेवलेल्या असतात. मोडकी फाइल समोर आली तर कार्यक्रम नीट वागतो का, हे पाहायला त्या लागतात. त्या फायलींत अगम्य बाइट असणारच, म्हणून त्यांच्याकडे संशयाने पाहायचं कारण नव्हतं. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी अशा नव्या फायली दाखल झाल्या. दुसऱ्या दिवशी ५.६.० आवृत्ती निघाली. टारबॉलमधली जास्तीची स्क्रिप्ट त्यांतली एक ‘बिघडलेली’ फाइल उचले, टीआर या साध्या कमांडने तिचे ठरावीक बाइट अदलाबदल करून ती दुरुस्त करी, मग एक्सझेडनेच ती उलगडे. त्यातून दुसरी स्क्रिप्ट निघे. ती हेड आणि टेलने दुसऱ्या फाइलचे तुकडे कापून जोडे, ऑकमध्ये लिहिलेल्या कूटपद्धतीने ते उलगडे, आणि शेवटी तयार यांत्रिक कोड बाहेर पडे. हा कोड लायब्ररीत गुपचूप शिवला जाई. टीआर, हेड, टेल, सेड, ऑक ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेली, दशकानुदशकं जुनी साधनं. बाहेरून काहीही आणावं लागलं नाही. ज्या पेटीतल्या हत्यारांनी आपण रोज काम करतो, त्याच हत्यारांनी घर फोडलेलं होतं.

ही शिवण सगळीकडे होत नसे. यंत्र ६४ बिटांचं इंटेल घराण्याचं हवं, प्रणाली लिनक्स हवी, कंपायलर ठरावीक हवा आणि डेबियन किंवा रेड हॅट धाटणीचं पॅकेज बांधलं जात असायला हवं. म्हणजे कुणी हौसेने आपल्या लॅपटॉपवर कोड बांधून तपासला, तरी हाती काही लागू नये, आणि लाखो सर्व्हरवर जाणाऱ्या पॅकेजात मात्र तो नेमका जावा.

दाबणाऱ्या लायब्ररीतून पहारेकऱ्यापर्यंत पोचायची वाटही अशीच आडवळणाची. मूळ ओपनएसएसएचला लिबएलझेडएमए लागतच नाही. पण डेबियन आणि फेडोरासारख्या वितरणांनी ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीला देता यावा म्हणून एसएसएचडीला तिची लायब्ररी जोडली होती. त्या लायब्ररीला लिबएलझेडएमए लागत असे. अशा रीतीने एका सोयीच्या निरोपापायी जगातल्या सर्वांत जपलेल्या दाराची कडी एका आडबाजूच्या लायब्ररीच्या हाती गेली. दर जोडणीला एसएसएचडी नव्याने सुरू होतो, नव्याने लायब्ररी चढवतो. त्या चढवण्याच्या क्षणी लपलेला कोड जागा होई, मेमरीतल्या चिन्हसूच्या पिंजून काढी आणि चावी तपासणाऱ्या फंक्शनच्या जागी स्वतःला बसवी. आपल्यातले शब्द कुणाला सापडू नयेत म्हणून त्याने ते उघड मजकुरात ठेवलेलेच नव्हते, म्हणून सूच्यांतला शोध वेळखाऊ. लपण्याची ती किंमत होती. फ्रॉइंडला दिसलेला अर्धा सेकंद तिथेच खर्च होत होता.

हा दरवाजा कुणासाठी होता, तेही एक-दोन दिवसांत उलगडलं. क्रिप्टोग्राफीचे जाणकार फिलिपो वॉल्सोर्डा आणि इतरांनी तो कोड पिंजला. तो एका विशिष्ट खासगी किल्लीची सही असलेला निरोप आला तरच उघडे आणि पाठवणाऱ्याचा हुकूम लॉगिनच्या आधीच अमलात आणे. बाकीच्यांना तो बंदच दिसे. म्हणजे हे सर्वांसाठी उघडं पडलेलं कुंपणातलं भोक नव्हतं. एकाच मालकाकडे किल्ली असलेला चोरदरवाजा होता.

फ्रॉइंडने आधी डेबियनच्या सुरक्षा गटाला आणि वितरकांना खासगीत कळवलं. शुक्रवार, २९ मार्च २०२४ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत सकाळी नवाला नऊ मिनिटं कमी असताना, त्याचं सविस्तर पत्र जाहीर झालं. गुड फ्रायडे होता. भारतात रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते. आपण सुरक्षा-संशोधक नाही, उलट-अभियांत्रिकीतलेही नाही, असं त्याने पत्रातच लिहून टाकलं होतं. सुट्टीवर निघालेले प्रणाली-प्रशासक लॅपटॉप उघडून बसले. रेड हॅटने या दोषाला सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक दिला आणि धोक्याची पातळी दहापैकी दहा लावली.

नुकसान मात्र फार झालं नव्हतं. बाधित आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखा, फेडोराच्या विकसनशील आवृत्त्या, ओपनसुसेचं टम्बलवीड, काली अशा पुढे धावणाऱ्या वितरणांत पोचल्या होत्या. बँका, इस्पितळं, सरकारी खाती ज्या स्थिर आवृत्त्यांवर चालतात, तिथे अजून नाही. उबुंटूने २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि त्या काळात बांधलेली पॅकेजं नव्याने बांधली. आणखी काही महिने कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर हाच कोड जगभरच्या सर्व्हरवर अधिकृत अद्यतन म्हणून रीतसर उतरला असता.

मग प्रश्न उरला: हे केलं कुणी? आणि इथून सुरू झाला मागे जाणारा माग.

त्या आवृत्त्यांवर सही होती जिया टॅनची. चोरी करून घुसलेला हा इसम नव्हता. तो एक्सझेडचा सहव्यवस्थापक होता आणि या सगळ्या डावावर त्याने अडीच वर्षं खर्ची घातली होती.

एक्सझेड हा फिनलंडच्या लासे कोलिन यांचा प्रकल्प. इगोर पाव्हलव्ह यांच्या एलझेडएमए पद्धतीवर उभारलेली ही साधनं २००९ पासून कोलिन जवळजवळ एकहाती सांभाळत होते, फावल्या वेळात, विनामोबदला. जिया टॅनचा पहिला पॅच ऑक्टोबर २०२१ मधला, अगदी निरुपद्रवी. मग आणखी आले, उपयुक्त, नीटनेटके. एप्रिल २०२२ पासून प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर आणखी माणसं उगवली. त्यांतलं एक नाव आपल्या कानाला ओळखीचं वाटावं असं: जिगर कुमार. पॅच वर्षानुवर्षं पडून राहतात, नवा व्यवस्थापक आल्याशिवाय पुढे काही हलणार नाही, असा त्याचा सूर. दुसरा डेनिस एन्स. तो जावा आवृत्तीबद्दल विचारी, मग कामाच्या वेगाचा विषय काढी.

८ जून २०२२ रोजी कोलिन यांनी उत्तर दिलं. आपला रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या तक्रारींमुळे आणि इतर काही कारणांनी हातून फारसं होत नाही, असं त्यांनी प्रांजळपणे लिहिलं. हा बिनपगारी छंद आहे, याचीही आठवण करून दिली. जिया टॅन मदत करतोय, पुढे कदाचित त्याची भूमिका मोठी होईल, असंही सांगितलं. उत्तर काय आलं? तुमच्या आजाराचं वाईट वाटतं, पण माणसाने आपल्या मर्यादा ओळखाव्यात, अशा अर्थाचं. वरवर सहानुभूती आणि खाली टोचणी. महिनाअखेरीस कोलिन यांनी कबूल केलं की जिया टॅन व्यवहारात सहव्यवस्थापकच आहे.

ते जिगर कुमार आणि डेनिस एन्स या प्रकरणाबाहेर कुठेही आढळत नाहीत. काम झाल्यावर ते विरून गेले. ही सगळी एकाच नाटकातली सोंगं होती, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. एकाने दमदाटी करायची, दुसऱ्याने तगादा लावायचा आणि तिसऱ्याने शांतपणे मदतीचा हात पुढे करायचा. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात हे नाटक पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे.

एकदा किल्ल्या हाती आल्यावर घाई नव्हती. २०२३ उजाडेपर्यंत टॅन थेट बदल नोंदवू लागला, मार्चमध्ये ५.४.२ ही आवृत्ती त्यानेच काढली. गूगलच्या ओएसएस-फझ या स्वयंचलित तपासणी सेवेकडे प्रकल्पाचा संपर्क म्हणून आपला पत्ता लावून घेतला. जूनमध्ये हान्स जान्सेन या नावाने एक पॅच आला. त्यामुळे लायब्ररी चढतानाच कोड चालवण्याची सोय लिबएलझेडएमएमध्ये झाली. जुलैत टॅनने ओएसएस-फझला विनंती केली की चाचणीत ही सोय बंद ठेवा. प्रत्येक पाऊल सुटं पाहिलं तर तांत्रिक, समंजस, समर्थनीय. २६ फेब्रुवारी २०२४ च्या एका बदलातला घातक भाग तर केवळ एक टिंब होतं. बांधणीच्या फाइलमध्ये एका ओळीच्या सुरुवातीला पडलेला सुटा पूर्णविराम. त्याच्यामुळे लँडलॉक या सुरक्षा-कवचाची चाचणी दरवेळी अपयशी ठरे आणि कवच गुपचूप बंद राही. एरवी टंकलेखनाचा दोष म्हणून कुणीही सोडून दिलं असतं.

शेवटच्या महिन्यात मात्र घाई दिसते. फेब्रुवारीअखेरीस सिस्टिमडीच्या मंडळींनी अशा लायब्ऱ्या गरज पडेल तेव्हाच चढवायचा बदल मांडला होता. तो सर्वत्र गेला असता, तर एसएसएचडीपर्यंतची वाटच तुटली असती. टॅनला हीच धास्ती होती का, हे त्यालाच ठाऊक. पण ५.६.० वर व्हॅलग्राइंडने ओरड केली, तेव्हा त्याने ती कंपायलरच्या माथी मारून ९ मार्चला ५.६.१ काढली. रेड हॅटच्या रिचर्ड जोन्स यांनी नंतर वैतागून सांगितलं की तो आठवडेच्या आठवडे आपल्याशी बोलत होता, नव्या आवृत्तीचे गुण गात होता, आणि व्हॅलग्राइंडची अडचण सोडवायला आपण त्याला मदतही केली. २५ मार्चला हान्स जान्सेनने डेबियनकडे नवी आवृत्ती घेण्याचा आग्रह धरला. २८ मार्चला टॅनने उबुंटूकडे. त्याच दिवशी फ्रॉइंडचं खासगी पत्र निघालं होतं.

जिया टॅन कोण, हे आजही सिद्ध झालेलं नाही. त्याच्या बदलांवर वेळेचा शिक्का होता चीनकडच्या प्रमाणवेळेचा. काही अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा मधूनच पूर्व युरोपच्या वेळेचे शिक्के निघाले. चिनी नववर्षाच्या सुट्टीत काम चालू आणि नाताळात बंद, असंही दिसलं. कुणाला यामागे एखाद्या राष्ट्राची गुप्तचर यंत्रणा दिसते. एवढा धीर आणि एवढा खर्च दुसऱ्या कुणाला परवडणार? पण वेळेचा शिक्का बदलता येतो, आणि नाव तर त्याहून सोपं. ‘जिगर कुमार’ या नावावरून भारतीय हात शोधणं जितकं पोकळ, तितकंच ‘टॅन’वरून चिनी हात शोधणं.

फ्रॉइंडचं कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेलांनी त्याच्या कुतूहलाला आणि कारागिरीला जाहीर दाद दिली. तो स्वतः सांगत राहिला की हे अनेक योगायोगांचं फळ आहे. मोजमापाची शांतता हवी नसती, जुनी तक्रार आठवली नसती, डेबियनची अस्थिर शाखा वापरत नसता, तर काहीच झालं नसतं. या घटनेकडे बोट दाखवून मुक्तस्रोतवाले म्हणाले, बघा, कोड उघडा होता म्हणून सापडला. विरोधक म्हणाले, उघडा होता म्हणून घुसता आलं. दोन्ही अर्धसत्यं. कोड उघडा असल्यामुळे फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आलं, हे खरं. बंद कंपनीच्या लायब्ररीत तो अर्ध्या वाटेवर अडला असता. पण उघडा असणं म्हणजे कुणीतरी वाचतंय असं नव्हे. पाच आठवडे ते गठ्ठे जगासमोर पडून होते.

माझ्या मते या शोधकथेतला मोठा शोध अर्ध्या सेकंदाचा नाही. हल्लेखोरांनी वर्षानुवर्षं आधी एक शोध लावला होता: जगातल्या सर्वांत बळकट दारावर धडका मारण्यापेक्षा त्याला टेकू देणारा दमलेला, एकटा माणूस गाठणं स्वस्त. त्यांनी आधी कोडमधली नव्हे, माणसाच्या आयुष्यातली फट शोधली. चोरदरवाजा नंतर लिहिला.

आणि अशी फट ही एकच नव्हती. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड हा दोष सापडला, तेव्हाही कळलं होतं की इंटरनेटवरच्या बहुतेक सुरक्षित देवघेवीचा भार वाहणारा तो प्रकल्प मूठभर लोक चालवतात आणि त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरांच्या घरातल्या असतात. तेव्हा मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी काढला. पण निधी ज्ञात नावांकडे जातो. एक्सझेडकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण तो सहसा बिघडत नव्हता.

भारतात तर हा प्रश्न आणखी जवळचा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण स्वीकारलं. पुण्या-बंगळुरूच्या हजारो अभियंत्यांचा दिवस टर्मिनलमध्ये एक इन्स्टॉल कमांड देऊन सुरू होतो, आणि त्या एका ओळीसरशी शेकडो अनोळखी माणसांचं काम आपल्या यंत्रावर उतरतं. त्यांच्यातल्या कितींना मोबदला मिळतो, कोण आजारी आहे, कुणाला कोण छळतंय, हे आपण विचारत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या झेरोधा कंपनीने मुक्तस्रोत प्रकल्पांना दरवर्षी दहा लाख डॉलर देणारा निधी जाहीर केला. ही चांगली सुरुवात आहे. पण ज्या उद्योगाची निर्यात अब्जावधींत मोजतात, त्यात असं पाऊल बातमी ठरावं, हेच परिस्थिती सांगून जातं.

पैशाने सगळं सुटणार नाही. जिया टॅनला पगार देऊ केला असता, तर त्याने तो घेतलाही असता. हवी ती दुसरी जोडी डोळ्यांची: टारबॉल आणि गिट जुळतात का ते यंत्राने ताडून पाहणं, चाचणीच्या अगम्य फायली कशा तयार झाल्या याची कृती सोबत ठेवणं, व्यवस्थापकाला रजा घेता यावी म्हणून दोन-तीन ओळखीची माणसं असणं. आणि तगादा लावणाऱ्याला कुणीतरी ठणकावून विचारणं, की बाबा, तू स्वतः किती पॅच तपासलेस? जून २०२२ मध्ये हा प्रश्न विचारायला दुसरं कुणी पुढे आलं नाही.

गिटहबने पहिल्या झटक्यात जिया टॅनबरोबर लासे कोलिन यांचंही खातं गोठवलं होतं. ते पुढे सुरू झालं. सुट्टीवर असतानाही कोलिन यांनी आपल्या संकेतस्थळावर जे घडलं ते मांडलं, तो सुटा पूर्णविराम काढून टाकला आणि टॅनने केलेला एकेक बदल पुन्हा तपासायला घेतला. २९ मे २०२४ रोजी चोरदरवाजा काढलेली ५.६.२ ही आवृत्ती त्यांनी प्रसिद्ध केली. ज्यांच्या सर्व्हरची लाज त्या दिवशी वाचली, त्या कंपन्यांनी ती नेहमीप्रमाणे फुकट उतरवून घेतली.